‘मॅच्युअर’ म्हणजे दर वेळी ‘परिपक्व’च का?

शब्दखुंटी
हल्ली कुठलंही भाषांतर उघडा, मॅच्युअर दिसलं की तिथे ‘परिपक्व’ ठोकलेलं असतं. आंबा परिपक्व, ठेव परिपक्व, चीज परिपक्व, सून परिपक्व, बाजारपेठही परिपक्व. माझं म्हणणं, हा शब्द फळांपुरता ठेवावा, फार तर विचारांपुरता. ‘पक्व’ आला पच् धातूवरून, म्हणजे शिजणं-पिकणं. लॅटिन ‘मातूरुस’मध्ये पिकलेलं हा अर्थ आहेच, पण ‘वेळेवर आलेलं’ हाही आहे. म्हणून इंग्रजीत तो शब्द ठेवीलाही शोभतो. आपल्याकडे ठेव शिजत नाही, तिची मुदत भरते. गरोदर बाईचे दिवस भरतात, लोणचं मुरतं, शेणखत कुजतं, माणूस पोक्त होतो. एवढी क्रियापदं घरात असताना सगळीकडे एकच शिक्का कशाला?

चौथी प्रत
असहमत. गप्पांत ठीक आहे, पण फॉर्मवर एका शब्दाला एकच प्रतिशब्द लागतो. तुमच्या ‘मुदत भरते’वरून फॉर्मवर होणारं ‘मुदतपूर्ती’ तर धोक्याचं आहे. ‘मुदतपूर्ती रक्कम’ आणि ‘मुदतपूर्व रक्कम’ यांत फरक एका अक्षराचा. बारीक टाइपात छापलेल्या अर्जावर ठेवीदार चुकीच्या चौकटीत खूण करतो, आणि मुदतीआधी ठेव मोडली की बऱ्याच बँका व्याजदरातून अर्धा ते एक टक्का कापतात. ‘परिपक्वता’ रुक्ष आहे खरा, पण ‘मुदतपूर्व’शी त्याची गल्लत होत नाही. खिडकीवर तर सगळे ‘मॅच्युरिटी’च म्हणतात. तोच छापा, मिटलं.

दर्शनी
दोन्ही अक्षरं टाळायची तर ‘मुदत संपण्याची तारीख’ लिहा, तीन शब्द झाले तर झाले. पण अर्थ वेळेचाच आहे याबद्दल शंका नको. परक्राम्य संलेख अधिनियम (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट), 1881 मध्ये वचनचिठ्ठी किंवा हुंडीची मॅच्युरिटी म्हणजे ती देय होण्याची तारीख, इतकंच आहे. मागताक्षणी देय नसेल तर त्यात 3 दिवस सवलतीचे मिळवायचे. 31 ऑगस्टला लिहिलेली तीन महिन्यांची हुंडी घ्या. नोव्हेंबरला 31 तारीख नाही, म्हणून 30 नोव्हेंबर, अधिक 3, म्हणजे 3 डिसेंबर. त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी आली तर हुंडी आदल्या कामाच्या दिवशी देय होते. रविवारही सुट्टीतच धरतात.

बँकेच्या मुदत ठेवीचं उलट. मुदत सुट्टीच्या दिवशी भरली तर पैसे पुढच्या कामाच्या दिवशी, आणि मधल्या दिवसाचं व्याज ठरलेल्या दराने. दोन्हीकडे शब्द ‘मॅच्युरिटी’च, तारीख मात्र एकीकडे मागे सरकते, दुसरीकडे पुढे. ‘परिपक्व’ म्हटल्याने यातलं काय कळलं?

आणखी एक. मुदत भरली, पैसे उचलले नाहीत, नूतनीकरणाची सूचनाही दिलेली नाही, तर जुना दर पुढे चालू राहतो असं अनेकांना वाटतं. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2021 च्या नियमाप्रमाणे त्यापुढच्या काळाला बचत खात्याचा दर किंवा करारातला दर, यांतला कमी असेल तो लागतो. फळ झाडावर राहिलं तर गोड होईल, ही समजूत ‘परिपक्व’सारख्या शब्दांनीच पोसली जाते.

चौदा आणे
धागाकर्त्याने फळ ‘परिपक्व’ला देऊन टाकलं, माझा विरोध तिथेच आहे. मॅच्युअर आणि राइप या दोन वेगळ्या अवस्था आहेत. मॅच्युअर म्हणजे वाढ पुरी झालेलं, काढल्यावर आपोआप पिकू शकणारं. राइप म्हणजे खायला पिकलेलं. ‘परिपक्व फळे काढावीत’ असं माहितीपत्रकात छापलं की नवखा माणूस रंग चढायची वाट बघत बसतो.

कोकणात यासाठी नेमकं माप आहे. सोळा आणे म्हणजे पूर्ण, आणि हापूस काढायचा चौदा आणे तयार झाल्यावर, म्हणजे 85 टक्क्यांच्या आसपास. खांदे भरून देठाच्या वर आलेले, देठाशी खळगा पडलेला, गर्द हिरवा रंग फिकट होऊ लागलेला. शंका असेल तर दोन-चार फळं पाण्यात टाकून बघा. तयार फळ बुडतं, कोवळं तरंगतं. काढताना 3 ते 5 सेंमी देठ ठेवायचा, नाहीतर चीक सालीवर ओघळून डाग पडतात. मग अढीत पेंढ्यावर आठ-दहा दिवस.

बारा आण्यावर काढलं तर साल सुरकुतते, चव आंबट-पाणचट राहते. पाड लागेपर्यंत, म्हणजे फळ झाडावरच पिकू लागेपर्यंत थांबलं तर साक्याचं प्रमाण वाढतं, म्हणजे बाहेरून देखणा आणि कापल्यावर कोयीजवळ पांढरट, स्पंजासारखा गर. आता सांगा, ‘परिपक्व’ म्हणजे यातला कुठला आंबा? आणि द्राक्ष-डाळिंबाला तर हा भेदच नाही. ती काढल्यावर पिकत नाहीत, वेलीवर-झाडावर जेवढी झाली तेवढीच.

शब्दखुंटी
हे मान्य. फळालाही ‘तयार’च बरा. म्हणजे माझ्या यादीतून ‘परिपक्व’ आणखी आकसला.

हुरडा पार्टी
तरी पिकांत ‘पक्वता’ हवाच. ज्वारी दुधात येते, चिकात येते, हुरड्यावर येते, आणि मग दाण्याच्या खालच्या टोकाशी काळा ठिपका दिसतो. तो दिसला की झाडाकडून दाण्यात भर पडणं थांबलं. याला ‘शारीरिक पक्वता’ म्हणतात आणि दुसरा शब्द इतका नेमका नाही. ‘तयार’ म्हणाल तर हुरडासुद्धा तयारच असतो, खाणाऱ्यासाठी.

भेंडीत तर गंमत आहे. फूल उमलल्यापासून पाच-सात दिवसांची, बोटाने टोक मोडलं की कट्‌कन मोडणारी, ती बाजारासाठी मॅच्युअर. वनस्पतीच्या हिशेबाने ती अजून बाळ आहे. खरी पक्व झाली की ती जून, निबर, बियाण्याला ठेवायची. इंग्रजीत दोन्हीला मॅच्युरिटीच, पुढे विशेषण लावून भागवतात. मराठीत कोवळी आणि जून म्हटलं की विशेषणाची गरज नाही.

ओलावा
काँक्रीटलाही मॅच्युरिटी असते. तापमान गुणिले वेळ असा तो हिशेब, आणि तापमान बहुधा उणे 10 अंशांपासून मोजतात. 25 अंशांत 24 तास म्हणजे 35 × 24 = 840. थंडीत सरासरी 10 अंश असेल तर 20 × 24 = 480. म्हणून उन्हाळ्यात जितक्या दिवसांनी सेंटरिंग काढता, तितक्याच दिवसांनी डिसेंबरात काढलं तर स्लॅब खाली वाकतो. साइटवर ‘सेट झालं’ आणि ‘ताकद आली’ असं वेगळं बोलतात. सेट व्हायला तास लागतात, ताकद यायला आठवडे. ‘परिपक्व काँक्रीट’ म्हणणारा गवंडी अजून जन्माला यायचाय.

चौथी प्रत
सगळं छान, पण माणसांचं काय? शब्दखुंटींनी ‘पोक्त’ सुचवलंय. तो फारसी ‘पुख्ता’वरून आला आणि त्याचाही अर्थ शिजलेला, पिकलेला असाच. म्हणजे दाराने घालवलेला ‘पक्व’ खिडकीतून आत. शिवाय पोक्तला वयाचा वास आहे. सोळा वर्षांच्या मुलीला पोक्त म्हटलं तर ती रुसेल, मॅच्युअर म्हटलं तर खूश होईल. ‘समंजस’ म्हणाल तर त्यात पडतं घेणं अपेक्षित असतं, सुनेला तर नक्कीच.

शब्दखुंटी
‘जाणती’ म्हणा की.

चौथी प्रत
‘मुलगी जाणती झाली’ याचा अर्थ अर्ध्या महाराष्ट्रात काय घेतात, ते घरच्या आजीला विचारा आणि मग लिहा.