चायनीज निवडलं, पण कुठलं?
चिनी कागद ओसीआरने (स्कॅनमधली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर बनवणारं सॉफ्टवेअर) वाचायचा तर 'भाषा चायनीज निवडली की झालं' असं सांगतात, पण आमची फजिती तिथेच झाली. इथे बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत आमच्याकडे तैवानची लेथ आहे, तिचं मॅन्युअल ओसीआरला दिलं तर निम्मी अक्षरं भलतीच, दोन दिवस स्कॅनरलाच शिव्या घातल्या. मग कळलं की तैवान-हाँगकाँगला जुनी पारंपरिक अक्षरंच चालतात आणि आम्ही सिम्प्लिफाइड (चीनने १९५६ पासून आणलेली सोपी अक्षरं) लावून बसलोय. टेसरॅक्ट या ओसीआर सॉफ्टवेअरमध्ये दोन्हींच्या भाषेच्या फाइली वेगळ्या आहेत, उभ्या ओळींसाठी अजून वेगळ्या.

ते बदलून ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) परत स्कॅन केलं तेव्हा बरंच सुधारलं, तरी 'वेई' (未) आणि 'मो' (末) या अक्षरांची गल्लत राहिलीच. दोन्हींत आडव्या रेघा दोनच, वरची आखूड असेल तर 'अजून नाही', लांब असेल तर 'शेवट'. सेफ्टीचं पान आम्ही अजून भिंग घेऊनच ताडतो.