शस्त्रसंधी, युद्धबंदी, तह : कोरियात नेमकं झालं काय?

एका दिवाळी अंकासाठी कोरियाच्या युद्धावर लेख लिहिला होता. छापून आल्यावर पाहिलं, तर मी विचार करून वापरलेले तीन वेगवेगळे शब्द संपादनात एकाच शब्दाचे झाले होते. जिथे तिथे 'शस्त्रसंधी'. मला ते फार लागलं, कारण लेखाचा सगळा मुद्दाच त्या तीन शब्दांमधल्या अंतरावर उभा होता. इथे जाणकार मंडळी आहेत, म्हणून विषय मांडते.

एकीकडे उत्तर कोरिया आणि चीन, दुसरीकडे दक्षिण कोरिया आणि अमेरिकेच्या पुढाकारातली संयुक्त राष्ट्रांची सेना, अशी २५ जून १९५० ला सुरू झालेली लढाई २७ जुलै १९५३ रोजी दोन्ही कोरियांच्या मधल्या पानमुनजोमला सह्या झाल्यावर थांबली. थांबली, मिटली नाही. अंतिम शांततापूर्ण तोडगा निघेपर्यंत शस्त्रं खाली ठेवायची, असं त्या कराराचं स्वरूप होतं आणि पुढची राजकीय परिषद तीन महिन्यांत भरवावी अशी शिफारसही त्यातच होती. १९५४ मध्ये जिनिव्हाला परिषद भरली आणि कोरियाबद्दल काहीही न ठरता उठली. तह आजतागायत झालेला नाही.

माझी समजूत अशी : दोन्हीकडच्या तोफा काही तासांसाठी किंवा दिवसांसाठी गप्प करणं हा युद्धविराम. सेनापतींनी रेषा आखून, अटी लिहून, देखरेख नेमून लढाई थांबवणं ही शस्त्रसंधी. आणि सरकारांनी मूळ भांडण मिटवणं म्हणजे तह. बातम्यांमध्ये मात्र या तिन्हींना सरसकट 'शस्त्रसंधी' म्हणतात. १० मे २०२५ ला भारत आणि पाकिस्तान यांच्यात संध्याकाळी पाचपासून जमीन, हवा आणि समुद्रातली लष्करी कारवाई थांबवायचं ठरलं, तीही शस्त्रसंधी आणि कोरियातली सत्तरहून अधिक वर्षांची स्थितीही शस्त्रसंधीच. माझं काही चुकतंय का?

प्रतिसाद

ताई, तुमचं बरोबर आहे, पण 'युद्धबंदी' हा शब्द तुम्ही सोडून दिलात आणि खरी गंमत तिथेच आहे. मराठीत 'बंदी' दोन आहेत. एक दारूबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदीतली, म्हणजे मनाई. दुसरा बंदी म्हणजे कैदी. 'युद्धबंदी झाली' म्हटलं की लढाई थांबली, 'युद्धबंदी परतले' म्हटलं की माणसं घरी आली. क्रियापद असेपर्यंत लिंगावरून निभावतं. पण 'युद्धबंदीचा प्रश्न' असा मथळा आला की वाचणारा अडला. 'युद्धबंद्यांचा' असं अनेकवचन केलं तरच उलगडा होतो. कैद्यासाठी 'युद्धकैदी' हा स्वच्छ शब्द आपल्याकडे असताना हिंदी बातम्यांच्या ओघात 'युद्धबंदी' का आणावा?

आणि कोरियात तर एका युद्धबंदीपायी दुसरी अडली होती! वाटाघाटी जुलै १९५१ मध्ये केसाँगला सुरू झाल्या. १९५२ च्या वसंतापर्यंत बहुतेक कलमं जुळत आली होती. अडलं ते कैद्यांवर. १९४९ च्या जिनिव्हा कराराचं ११८वं कलम सांगतं की लढाई थांबली की कैद्यांना विनाविलंब सोडून मायदेशी पाठवा. चीन आणि उत्तर कोरियानं ते कलम धरून ठेवलं. अमेरिकेचं म्हणणं, ज्याला परत जायचं नाही त्याला जबरदस्तीनं पाठवणार नाही. दोन्ही पक्षांना हवा होता तो जगाला दाखवायचा पुरावा, की आमच्या राज्यपद्धतीकडे माणसं स्वखुशीनं येतात. या एका मुद्द्यावर वर्षाहून अधिक काळ गेला. तेवढ्या काळात आघाडी फारशी सरकली नाही, पण टेकड्यांवर पोरं मरत राहिली. हे वाचताना मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

प्रतिसाद

कैद्यांचा विषय निघालाच आहे तर आमच्या कोल्हापूर जिल्ह्याचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. मायदेशी जायला नकार देणारे २२ हजारांहून अधिक कैदी ज्या भारतीय संरक्षक दलाच्या ताब्यात दिले, त्याचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात. या कैद्यांचा निकाल लावायला नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष होते भारताचेच जनरल थिमय्या. दक्षिणेचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय जवानांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू द्यायला नकार दिला, म्हणून इंचॉन बंदरात जहाजावरून थेट हेलिकॉप्टरनं त्यांना दोन्ही सैन्यांच्या मधल्या निर्लष्करी पट्ट्यात नेलं. तिथल्या त्यांच्या तळाचं नाव होतं हिंद नगर. याच री यांनी करार होऊ नये म्हणून जून १९५३ मध्ये सुमारे २७ हजार कैदी परस्पर सोडून दिले होते. करारावर दक्षिण कोरियाची सही नाही, ती आजही नाही.

प्रतिसाद

सह्यांचं बोललात म्हणून थोडं पुढे. सह्या कुणाच्या? संयुक्त राष्ट्रांच्या सेनेच्या वतीनं मार्क क्लार्क, उत्तरेचे किम इल सुंग आणि चिनी 'स्वयंसेवकां'चे सेनापती पंग दहुआई. स्वयंसेवक! लाखोंचं खडं सैन्य, पण अमेरिकेशी उघड युद्ध पुकारलं असं दिसू नये म्हणून हा शब्द. तिकडे अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी 'युद्ध' म्हणायचं टाळून 'पोलीस कारवाई' या शब्दाला मान्यता दिली. आपल्याला तो शब्द नवा नाही, १९४८ च्या हैदराबादच्या कारवाईलाही आपण 'पोलीस ॲक्शन' म्हणतो. उत्तरेत तेच 'पितृभूमीचं मुक्तियुद्ध', चीनमध्ये 'अमेरिकेचा प्रतिकार आणि कोरियाला साहाय्य', दक्षिणेत नुसतं 'सहा-दोन-पाच', म्हणजे २५ जून. बड्या सत्तांनी ज्याला युद्धच म्हटलं नाही, त्याचा तह कुणी कुणाशी करायचा? माझ्या मते अडचणीचं मूळ इथे आहे.

कोरियन भाषेत शब्द बघा. 'जॉंगजॉन' म्हणजे लढाई थांबवणं, करारावर हाच शब्द आहे. 'ह्युजॉन' म्हणजे लढाईला विसावा, दक्षिणेतले लोक त्या रेषेला याच शब्दावरून ओळखतात. आणि 'जोंगजॉन' म्हणजे लढाईचा शेवट. एप्रिल २०१८ मध्ये पानमुनजोमला दोन्ही कोरियांच्या नेत्यांनी त्या वर्षात युद्धाचा शेवट जाहीर करायचं ठरवलं होतं. ते घडलं नाही. तिथे एका स्वराच्या फरकानं राजकारण बदलतं, आणि आपण तिन्हींवर एकच शिक्का मारतो.

प्रतिसाद

मी संस्कृत शिकवायचो, म्हणून 'संधी'वर बोलतो. आज मराठीत संधी म्हणजे नोकरीची संधी, त्यामुळे शस्त्रसंधी या शब्दातला सांधा तरुण वाचकाला दिसत नाही. कौटिल्याच्या षाड्गुण्यात, म्हणजे परराष्ट्रनीतीच्या सहा मार्गांत, संधीची व्याख्या आहे 'पणबन्धः संधिः', म्हणजे अटींनी बांधलेला करार. पण मला कोरियासाठी त्याचा दुसरा शब्द जास्त नेमका वाटतो : विगृह्यासन. वैर जाहीर आहे, ते सोडलेलं नाही, तरी जागच्या जागी बसून राहायचं. चार किलोमीटर रुंदीचा तो निर्लष्करी पट्टा म्हणजे विगृह्यासनच. रोजच्या वापरात हा शब्द कुणी आणणार नाही, हे मला कळतं. पण ती अवस्था वेगळी आहे हे आपल्या परंपरेला ठाऊक होतं, एवढं तरी नोंदवावं.

प्रतिसाद

'तह' हा शब्द पत्रकार टाळतात, त्याला कारण आहे. मराठी माणसाच्या कानात पुरंदरचा तह वाजतो, ११ जून १६६५, तेवीस किल्ले गेले. नंतर सालबाई, मग १८०२ चा वसईचा. 'युद्धात जिंकलं ते तहात हरलं' हे आपण ताश्कंदबद्दलही म्हणतो, सिमल्याबद्दलही. तह म्हटलं की कुणीतरी काहीतरी गमावलं, असा वास येतो. 'शांतता करार' त्यामानानं निरुपद्रवी वाटतो.

शब्द बदलला की हक्क बदलतो, हेही सांगतो. काश्मीरमधली १९४९ ची युद्धबंदी रेषा सिमला करारानंतर नियंत्रण रेषा झाली. पहिल्या नावात संयुक्त राष्ट्रांची मध्यस्थी होती, दुसऱ्यात फक्त दोन देश. तरीही आपण 'नियंत्रण रेषेवर शस्त्रसंधीचं उल्लंघन' असं लिहितो.

एका ठिकाणी मात्र ताईंशी असहमत. तह झाला नाही म्हणजे युद्ध चालूच, असं नेहमी नसतं. जपान आणि सोव्हिएत संघानं १९५६ मध्ये संयुक्त घोषणा करून युद्धस्थिती संपवली, शांतता तह मात्र कुरील बेटांवरून अजून अडलेला आहे.

मूळ लेखिका

जपानचं उदाहरण मान्य. 'युद्धस्थिती संपली' ही चौथी पायरी मला सुचली नव्हती, आणि कोरियात तीही झालेली नाही, हे त्यामुळे अधिक स्पष्ट झालं. उलट पहिल्या महायुद्धातली १९१८ ची शस्त्रसंधी बघा. ती आधी ३६ दिवसांची होती, मुदत वाढवत वाढवत व्हर्सायच्या तहापर्यंत नेली. तिथे शस्त्रसंधी हा पूल होता. कोरियात लोक त्या पुलावरच राहायला लागले, तिसरी पिढी तिथेच जन्मली.

संपादकांना आज दुरुस्ती पाठवली. वाक्य असं केलं आहे : "१९५३ च्या शस्त्रसंधीनं लढाई थांबली, युद्धकैद्यांची वाटणी झाली, तह राहिला." आणि कोल्हापूरच्या दादांमुळे एक ओळ वाढवली, ८८ जणांची. ते ना उत्तरेत गेले ना दक्षिणेत, ना चीनला ना तैवानला. फेब्रुवारी १९५४ मध्ये आपल्या जवानांबरोबर जहाजानं भारतात आले. मूळ लेखात मी त्यांनाही 'युद्धबंदी' लिहिलं होतं. तो शब्द काढून 'माणसं' केलं.