काश्मीर ग्रुप टूर: खरेदीला बॅगेत जागा कशी ठेवायची?

भटका_ठाणेकर: एप्रिलमध्ये आईबाबांना घेऊन श्रीनगर-गुलमर्ग-पहलगामला चाललोय, विमानात 15 किलो चेक-इन आणि 7 किलो हातात एवढंच, आणि आईला शाल अक्रोड केशर सगळंच आणायचंय, तर कपडे किती न्यावेत?

सह्याद्रीवेडा: जाड कोट, गमबूट अजिबात नेऊ नका, गुलमर्गला भाड्याने मिळतात. थर्मलचे दोन जोड, एक स्वेटर, एक विंडचीटर, बास. स्वेटर आणि बूट प्रवासात अंगावरच असू द्या. पॉवरबँक हातातल्या बॅगेतच हं, चेक-इनला चालत नाही.

पुण्याची_मावशी: अक्रोड सोललेलेच घ्या, निम्मं वजन तर टरफलाचंच असतं. केशर ग्रॅमवर मिळतं, त्याला जागा लागतच नाही, पण जीआय टॅगचं (म्हणजे अस्सल काश्मीरचंच असल्याची अधिकृत खूण असलेलं) सीलबंदच घ्या, सुटं नको. पश्मिना शालही पातळच. जड होतात त्या अक्रोडाच्या लाकडाच्या नक्षीदार पेट्या, घ्यायचीच तर एक छोटी घ्या आणि तिच्या आत मोजे भरा. आणि चिवडा-लाडू स्टीलच्या डब्यात नको, पिशव्यांत न्या, संपले की तेवढी जागा आपोआप मोकळी.

भटका_ठाणेकर: मावशी, पिशव्यांचं भारी सुचवलंत! बाबांचा कोट बॅगेतून बाहेर काढतो आजच.