छोट्या थिएटरात पाच आर्टहाऊस फिल्म्स लागल्यात, दोनच जमणारेत, कुठल्या बघू?

शेवटची_रांग:
मंडळी मदत हवीये. आमच्या जवळच्या एक पडदावाल्या थिएटरात सध्या सगळी फेस्टिवलवाली मंडळी एकदम आलीयेत, इराणी दिग्दर्शक जाफर पनाहीचा 'इट वॉज जस्ट ॲन ॲक्सिडेंट', 'सिराट', 'सेंटिमेंटल व्हॅल्यू', 'द सिक्रेट एजंट' आणि आपला 'साबर बोंडं'. सोबत नवरा असेल, त्याला सबटायटल वाचायचा कंटाळा आणि सिनेमा संथ असला की तो बिनधास्त घोरतो. मला संथ चालतं पण खिडकीतून बाहेर बघत बसलेली माणसं दोन तास नकोत. कुणाला कुठलं बक्षीस मिळालं ते नका सांगू, ते गुगलवर दिसतंच. थिएटरातच बघायला हवा असा कुठला आणि ओटीटीवर आल्यावर बघितला तरी चालेल असा कुठला, एवढंच सांगा.

निवांत_प्रेक्षक:
सिराट, डोळे झाकून. म्हणजे कान उघडे ठेवून 😄 सुरुवातच मोरोक्कोच्या वाळवंटात स्पीकरच्या भिंती रचतात तिथून होते आणि मग तो टेक्नो जो सुरू होतो तो छातीत वाजतो, घरच्या टीव्हीवर त्यातलं काहीच हाती लागणार नाही. गोष्ट साधी, एक बाप आपल्या लहान मुलाला घेऊन हरवलेल्या मुलीला त्या रेव्ह पार्ट्यांमध्ये शोधत फिरतोय. संवाद कमी त्यामुळे सबटायटलचा त्रास पण कमी. ट्रेलर बघू नका, परीक्षण तर अजिबात वाचू नका.

कपबशी:
^ अर्धवट सल्ला आहे हा. सिनेमा भारी आहे, पण मध्यावर जे होतं त्यानंतर माझ्या शेजारची बाई उठून गेली ती परत आलीच नाही. लहान मुलं असलेल्यांनी जरा मनाची तयारी करूनच जा, एवढं तरी सांगायला हवं ना.

निवांत_प्रेक्षक:
मान्य. पण नवरा झोपणार नाही याची गॅरंटी 🙏

रिळवाला:
ताई, माझं मत पनाही. इराणचा सिनेमा म्हटलं की लोक उगाच घाबरतात, हा तर जवळपास थ्रिलर आहे आणि मधेमधे चक्क हसू येतं. एका मेकॅनिकला कृत्रिम पायाचा करकर आवाज ऐकू येतो आणि त्याला वाटतं तुरुंगात आपला छळ करणारा तो हाच. पण तेव्हा डोळ्यांवर पट्टी असायची, चेहरा कधी पाहिलेलाच नाही. मग तो त्याला उचलतो आणि बाकीच्या पीडितांना विचारत फिरतो की बाबांनो, हाच का तो? तो पायाचा आवाज अंधाऱ्या थिएटरात ऐकायला हवा, घरी फोन वाजला की गेलं सगळं. ज्या माणसावर २०१० साली सिनेमा करायला २० वर्षांची बंदी घातली होती त्याने हा विनापरवाना चोरून शूट केलाय, आणि तरी पडद्यावर घाईगडबड कुठे दिसत नाही.
'सिक्रेट एजंट' मला आवडला, १९७७ चं ब्राझील, कार्निव्हल, हिरो वॅग्नर मोउरा जबरी. पण अडीच तासांच्या वर जातो आणि कोण कोणाच्या मागे आहे हे कळायलाच बराच वेळ लागतो. घोरणाऱ्यांसाठी नाही.

कपबशी:
'सेंटिमेंटल व्हॅल्यू' घरी बघितला तरी चालेल. दिग्दर्शक बाप, दोन मुली, एक जुनं घर, सगळं चेहऱ्यांवर आहे.

रिळवाला:
चेहरे मोठ्या पडद्यावरच बघायचे असतात हो! पण दोनच असतील तर मीही तो मागे ठेवेन.

मावळतीचा_शो:
'साबर बोंडं'बद्दल कोणीच का बोलत नाहीये? मराठी आहे, नवऱ्याला काही वाचायचंच नाही. वडील गेल्यावर आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो, तिथे सगळ्यांचा एकच प्रश्न, लग्न कधी, आणि लहानपणीचा दोस्त बाळ्या भेटतो. दोन पुरुषांचं प्रेम आहे पण भाषणबाजी शून्य. पार्श्वसंगीत नाहीच, त्यामुळे गावातली शांतता खरी वाटते. संथ आहे, खोटं बोलत नाही, पण घरातल्या बायका-माणसांचं बोलणं इतकं ओळखीचं की कंटाळा यायला वाव नाही. आणि असे सिनेमे पहिल्या आठवड्यात गर्दी दिसली नाही तर एका शोवर येतात, तोही भलत्या वेळी. तो आधी उरका.

शेवटची_रांग:
ठरलं, साबर बोंडं आणि पनाही. सिराट आहे तोवर मी एकटीच जाऊन येईन, नवऱ्याला सांगणार नाही 😜 अजून एक, बसायचं कुठे? तिथे जमीन सपाट आहे, मागच्या वेळी पुढच्याच्या डोक्याने अर्धी सबटायटल खाल्ली.

रिळवाला:
मग पनाहीला तरी नावाला जागू नका. तिसरी-चौथी रांग, कडेची खुर्ची, म्हणजे मान थोडी वाकवली की तळची ओळ दिसते. आणि तिकीट काढताना मध्यंतर आहे का विचारा, अशा ठिकाणी बरेचदा नसतं, चहा आधीच पिऊन घ्या.