एकाच घरात कोविड सौम्य आणि गंभीर: जनुकांचा वाटा किती?

सातारकर:
माझ्या दोन मामेभावांना (ते एकमेकांचे सख्खे भाऊ) 2020 मध्ये एकाच आठवड्यात कोविड झाला. दोघेही पस्तिशीच्या आतबाहेरचे, मधुमेह वा दमा नसलेले. तरीही एकाचा ताप लवकर उतरला आणि दुसऱ्याला ऑक्सिजन लावावा लागला. निअँडरथल या नामशेष मानवाकडून आलेला जनुकीय तुकडा याला कारणीभूत असू शकतो का? तसे असेल तर चाचणी करून घ्यावी का?

जीवशास्त्रवेडी:
असू शकतो, पण तेवढ्यावरून निदान करता येणार नाही. ह्यूगो झेबर्ग आणि स्वांते पेबो या जनुकशास्त्रज्ञांनी 2020 मध्ये दाखवले की तिसऱ्या गुणसूत्रावरील डीएनएच्या सुमारे 50,000 अक्षरांचा हा तुकडा क्रोएशियातील विंदिया गुहेत सापडलेल्या निअँडरथलच्या जनुकसंचाशी जुळतो. दक्षिण आशियात साधारण निम्म्या लोकांत, तर युरोपात सुमारे 16 टक्के लोकांत त्याची किमान एक प्रत असते. पूर्व आशियात तो जवळपास नाहीच. हा तुकडा असल्यास गंभीर आजाराची शक्यता सुमारे 1.6 पट होते आणि साठीच्या आतल्या रुग्णांत हा परिणाम अधिक ठळक दिसतो. आईवडिलांपैकी एकाकडेच त्याची एक प्रत असेल, तर ती प्रत्येक मुलाकडे येण्याची शक्यता निम्मी असते. त्यामुळे सख्ख्या भावांतही फरक पडतो. गंमत म्हणजे हाच तुकडा एचआयव्हीच्या संसर्गाचा धोका मात्र कमी करतो, असे झेबर्ग यांनी 2022 मध्ये मांडले.

रानवाटा:
वरील प्रतिसादात एक बाजू राहिली आहे. तरुण, धडधाकट माणूस अत्यवस्थ होतो तेव्हा सर्वसामान्य तुकड्यापेक्षा एखादा दुर्मीळ दोषही कारण असू शकतो. नेदरलँड्समध्ये 2020 मध्ये दोन कुटुंबांतील चार तरुणांना, म्हणजे भावांच्या दोन जोड्यांना, अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. त्यांच्यात टीएलआर7 हे विषाणू ओळखण्यास मदत करणारे जनुक निकामी असल्याचे आढळले. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि पुरुषाकडे त्याची एकच प्रत असल्यामुळे ती बिघडली तर पर्याय उरत नाही. विषाणूची चाहूल उशिरा लागते आणि इंटरफेरॉनचा (विषाणूविरुद्ध शरीराला सावध करणाऱ्या प्रथिनांचा) इशारा वेळेवर जात नाही.

जीवशास्त्रवेडी:
हे मान्य. म्हणूनच तिसऱ्या गुणसूत्राच्या चाचणीवर पैसे घालवू नयेत. निम्म्या समाजात आढळणाऱ्या तुकड्याच्या अहवालाने उपचार बदलत नाहीत, आणि वय व विषाणूची मात्रा यांचा हिशेब त्यात येत नाही. मात्र घरातील तरुण पुरुष साध्या विषाणूंनीही वारंवार अत्यवस्थ होत असतील, तर प्रतिकारशक्तीच्या तज्ज्ञांना जरूर दाखवावे.