खरेदी अधिकाऱ्याचे काम नुसत्या 'बचती'वर मोजावे का?

प्रश्न – नवा विभागप्रमुख

नमस्कार. आमच्या मध्यम आकाराच्या उत्पादन कारखान्यात खरेदी अधिकाऱ्याचे पद आजवर लेखी जबाबदाऱ्यांशिवायच चालत आले आहे. आता वार्षिक मूल्यमापनासाठी त्या पदाची जबाबदारी आणि कामगिरीचे निकष लिहून देण्याचे काम माझ्याकडे आले आहे. व्यवस्थापनाने सुचवलेला निकष एकच आहे, तो म्हणजे वर्षभरात किती बचत केली. हा निकष मला अपुरा वाटतो, परंतु त्याऐवजी काय मोजावे हे नेमकेपणाने सांगता येत नाही. शिवाय माल उशिरा आला की उत्पादन विभाग खरेदीला दोष देतो आणि खरेदी विभाग पुरवठादाराला, त्यामुळे अधिकाऱ्याची जबाबदारी कोठे सुरू होते आणि कोठे संपते हेही ठरवावे लागेल. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ – खरेदीत बावीस वर्षे

आपली शंका रास्त आहे. बचत मोजू नये असे मी म्हणणार नाही, पण ती कशाच्या तुलनेत मोजायची हे आधी ठरवले नाही, तर तो आकडा हवा तसा वळवता येतो. पुरवठादाराने दिलेला पहिला दर आणि वाटाघाटीनंतरचा दर यांतील फरकाला बचत म्हटले, तर दोन-तीन व्यवहारांतच पुरवठादाराच्या ते लक्षात येते आणि तो पहिले दरपत्रकच फुगवून पाठवू लागतो. अधिकाऱ्याची बचत कागदावर वाढते, कारखान्याचा खर्च मात्र जेथल्या तेथे राहतो. मागील खरेदीच्या दराशी तुलना करणे त्यापेक्षा बरे, परंतु तेथेही बाजाराची चाल पाहावी लागते. कच्च्या मालाचा बाजारभाव १२ टक्क्यांनी उतरला असताना आपल्या अधिकाऱ्याने ७ टक्के दर कमी करून आणला, तर त्याला शाबासकी द्यायची की जाब विचारायचा? उलट भाव १० टक्क्यांनी चढलेले असताना ज्याने वाढ ४ टक्क्यांवर रोखली, त्याच्या नावावर बचतीच्या रकान्यात शून्यसुद्धा पडत नाही, उणे आकडा पडतो.

दुसरे असे की दर म्हणजे खर्च नव्हे. समजा एखाद्या वस्तूचा दर नगाला १ एकक आहे, महिन्याचा वापर १०० नगांचा आहे आणि माल दर महिन्याला मागवला जातो. एकदम सहा महिन्यांचा माल घेतल्यास ३ टक्के सवलत मिळते, म्हणून अधिकारी तसा आदेश काढतो. दरातील फायदा महिन्याला ३ एकक झाला. पण सरासरी साठा ५० वरून ३०० नगांवर गेला, आणि साठा सांभाळण्याचा खर्च, म्हणजे अडकलेल्या पैशावरचे व्याज, जागा, विमा आणि खराबी, महिन्याला २ टक्के धरला, तर तो खर्च १ एककावरून जवळजवळ ६ एककांवर जातो. बचतीच्या तक्त्यात हा व्यवहार शोभून दिसतो, प्रत्यक्षात तोट्याचा असतो. म्हणून बचतीसोबत साठ्याची फिरत, म्हणजे वर्षभरात साठा किती वेळा वापरून पुन्हा भरला गेला, किंवा साठ्यात अडकलेली रक्कम पाहिल्याशिवाय त्या आकड्याला माझ्या लेखी काही अर्थ नाही.

उत्तर २ – भांडार विभागातून

वरील उत्तराशी सहमत आहे. मी मालाच्या बाजूने लिहितो.

वेळेवर पुरवठा हा निकष सगळेच लावतात, पण वेळ कोणती धरायची हे कोणी लिहून ठेवत नाही. एका मालाला तीन तारखा असतात: मागणीपत्रातील, खरेदी आदेशातील आणि पुरवठादाराने नंतर कळवलेली सुधारित तारीख. पूर्वी मी जेथे काम करत होतो, तेथे सुधारित तारीख संगणकात भरली की जुनी पुसली जात असे, त्यामुळे अहवालात पुरवठा नेहमी वेळेवर दिसे आणि यंत्रे मालाअभावी बंद असत. आदेशातील मूळ तारीख गोठवून ठेवावी आणि त्या तारखेला पूर्ण प्रमाणात व तपासणीत उत्तीर्ण झालेला माल आला, तरच तो 'वेळेवर' मोजावा. शंभर नगांपैकी ऐंशी आले, तर ते वेळेवर आले असे म्हणू नये.

मात्र न्याय दोन्ही बाजूंनी हवा. ज्या वस्तूला ३० दिवस लागतात हे सर्वांना माहीत आहे, तिचे मागणीपत्र १० दिवस आधी पाठवायचे आणि उशिराचे खापर खरेदीवर फोडायचे, हे आमच्याकडे नित्याचे आहे. अशी मागणीपत्रे वेगळी नोंदवावीत आणि ती ज्या विभागाची, त्याच्या खात्यावर धरावीत.

उत्तर ३ – अंतर्गत लेखापरीक्षक

जबाबदारीच्या सीमेविषयी दोन शब्द लिहितो, कारण त्या प्रश्नाकडे वरील उत्तरांत थोडे दुर्लक्ष झाले आहे.

काय हवे आणि किती हवे हे मागणी करणारा विभाग ठरवतो. कोणाकडून, कोणत्या दराने आणि कोणत्या अटींवर घ्यायचे हे खरेदी ठरवते. आलेला माल भांडार मोजून घेते. आणि आदेश, माल-पावती व बिल यांची ताळमेळ लावून पैसे लेखा विभाग देतो. पुरवठादार निवडणे, माल स्वीकारणे आणि बिल मंजूर करणे या तिन्ही गोष्टी एका व्यक्तीच्या हाती असू नयेत. लहान कारखान्यात माणसे कमी म्हणून हे हटकून घडते, आणि मग अधिकारी प्रामाणिक असला तरी ते सिद्ध करण्याचा मार्ग त्याच्याकडे उरत नाही.

लेखापरीक्षणात मी दोन गोष्टी आवर्जून मोजतो. पहिली, माल आधी आणि आदेश नंतर असे व्यवहार किती झाले. दुसरी, मंजुरीची मर्यादा चुकवण्यासाठी एकाच मागणीचे तुकडे केलेले आदेश किती निघाले. मागणीपत्रापासून आदेशापर्यंत लागलेले दिवसही मोजावेत, परंतु तांत्रिक तपशिलाची वाट पाहण्यात गेलेले दिवस त्यातून वगळावेत. अन्यथा अधिकारी घाईने एकाच दरपत्रकावर आदेश काढू लागतो.

नवा विभागप्रमुख

आपणा सर्वांचे आभार. एक शंका उरते. तातडीच्या खरेदीची संख्या हा निकष ठेवावा, असे आमच्या कारखाना व्यवस्थापकांचे मत आहे. तो योग्य ठरेल का?

उत्तर १ – खरेदीत बावीस वर्षे

संख्या जरूर ठेवावी, पण प्रत्येक तातडीच्या खरेदीसमोर कारण लिहिणे बंधनकारक करावे: यंत्राचा अकस्मात बिघाड, उत्पादन आराखड्यातील बदल, साठ्याच्या नोंदीतील चूक, की पुरवठादाराची कसूर. यांपैकी शेवटचे कारण तेवढे खरेदी अधिकाऱ्याच्या खात्यावर येते, कारण पुरवठादार निवडणे, त्याचा पाठपुरावा करणे आणि महत्त्वाच्या वस्तूसाठी दुसरा पुरवठादार तयार ठेवणे ही त्याची कामे आहेत. पहिल्या वर्षी या संख्येला गुण देऊ नयेत, केवळ नोंद ठेवावी. गुण लागले की तातडीची खरेदी कमी होत नाही, तिच्यावरचा 'तातडीची' हा शिक्का तेवढा नाहीसा होतो.