निघण्याआधी विम्याचं बघा

ताई, डिसेंबरअखेर नोकरी जाणार आणि जानेवारीत मिशिगनहून एकटीने आरव्ही (राहण्याची सोय असलेली मोठी गाडी) घेऊन ॲरिझोनाला निघायचं, हे तुमच्या पोस्टमध्ये वाचून काळजीही वाटली आणि कौतुकही. गाडीतल्या हीटरबद्दल वरच्या उत्तरांत बरंच आलंय, म्हणून मी विम्याचं सांगतो. कंपनीचा आरोग्य विमा संपला की कोब्रा (नोकरी सुटल्यावरही तोच विमा काही काळ चालू ठेवायची सोय) घ्यायचा की नाही हे ठरवायला 60 दिवस मिळतात, आणि घेतलात तर तो मागच्या तारखेपासून लागू होतो. पण हप्ता पूर्ण आपल्या खिशातून. म्हणून दात, डोळे, नेहमीच्या तपासण्या आत्ताच उरकून घ्या. बेकारी भत्ता घेणार असाल तर राज्याबाहेर राहण्याचे नियम आधी विचारा. कामासाठी उपलब्ध असणं ही त्याची अटच आहे.

रस्ता शक्यतो दक्षिणेचा, आय-10 महामार्गाचा धरा. आय-40 वरचं फ्लॅगस्टाफ जवळजवळ 7,000 फुटांवर आहे. तिथे एका रात्री माझ्या गाडीतली पाण्याच्या पंपाजवळची नळी गोठून फुटली. सकाळी पलंगाखालचं प्लायवूड फुगून वर आलेलं. तेव्हापासून थंडीच्या पट्ट्यात पाण्याची टाकी रिकामी, नळ्यांत गुलाबी अँटिफ्रीझ (सहज न गोठणारं द्रव) आणि पिण्यापुरतं पाणी कॅनमध्ये. लिथियम बॅटरी शून्य अंश सेल्सियसखाली चार्ज करू नका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म जुना असेल तर बदलाच, रात्री हलवून उठवायला सोबत कोणी नसेल.

ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइट गावाजवळच्या सरकारी जमिनीवर 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल परमिट काढून राहता येतं. तिथे एकट्या राहणाऱ्या बायका बऱ्याच भेटतील. पोचलात की दोन ओळी नक्की लिहा.